खाणकामात पीएचडी करायची तर आधी जागा शोधा, मग विषय

खाणकामात पीएचडी म्हटलं की डोळ्यांसमोर धनबाद येतं, कोळसा येतो, टोपीला दिवा लावलेली माणसं येतात. मग जळगाव-धुळ्याचा विद्यार्थी विचारतो, आपल्याकडे खाण आहे कुठे? कोळसा नाही, मँगनीज नाही, हे खरंच. ते विदर्भात. पण या शाखेचा खरा विषय आहे खडक. तो किती भार पेलतो, कशाने तुटतो, सुरुंगाचा हादरा किती लांब जातो, पाणी त्यातून कुठून वाट काढतं, उतार कधी ढासळतो, हे सगळं आकड्यांत सांगणं म्हणजे खाण आणि भू-अभियांत्रिकी.

आणि खडकाची खानदेशात वाण नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले आणि त्यातून हा बेसॉल्ट तयार झाला. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, मधल्या पट्ट्यात तापी-पूर्णेच्या गाळाखाली दडलेला तोच दगड. विहीर खोदणाऱ्याला त्याचे प्रकार पुस्तक न उघडता माहीत असतात: वर मुरूम, मग सच्छिद्र मांजऱ्या, मग काळा पाषाण, मध्येच कुठे लाल गेरूसारखा थर. या प्रत्येकाच्या नावापुढे अभियंत्याला आकडा लिहायचा असतो.

या शाखेत प्रबंध रखडतात ते बहुतेक वेळा एकाच कारणाने. विद्यार्थी विषय ठरवतो, शीर्षक मंजूर होतं, अभ्यासक्रम संपतो, आणि मग कळतं की ज्या खाणीवर मोजमाप करायचं तिचा मालक आत येऊ देत नाही, किंवा येऊ देतो पण सुरुंगात किती दारू भरली ते सांगत नाही. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला विदा, म्हणजे डेटा, घरबसल्या उतरवून घेता येते. इथे ती दगडातून काढावी लागते, आणि तो दगड दुसऱ्याच्या ताब्यात असतो. म्हणून आधी जागा पाहावी, तिथे काय मोजता येईल ते पाहावं आणि त्यातून विषय काढावा.

दारं तीन

पहिलं दार खाण अभियांत्रिकीच्या पदवीधरांचं. धनबादची आयआयटी (आयएसएम), खरगपूर आणि वाराणसीची आयआयटी, राउरकेला आणि सुरतकलची एनआयटी, आणि आपल्याला सगळ्यांत जवळची नागपूरची व्हीएनआयटी, इथे या विषयाचे जुने विभाग आहेत. दुसरं दार सिव्हिलवाल्यांचं. खानदेशात खाण अभियांत्रिकीपेक्षा सिव्हिल करणारेच जास्त, आणि खडक-यांत्रिकी, बोगदे, उतारांची स्थिरता हे विषय त्यांना परके नसतात. तिसरं भूविज्ञानात एम.एस्सी. केलेल्यांचं. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात पर्यावरण व भूविज्ञानाची प्रशाळा आहे. तिथून पुढे भूविज्ञानात पीएचडी करता येते, किंवा अभियांत्रिकी संस्थेच्या जाहिरातीत एम.एस्सी. चालत असेल तर तिकडेही जाता येतं. जाहिरातीतली पात्रतेची ओळ दोनदा वाचावी. एकाच संस्थेचे दोन विभाग वेगळ्या अटी ठेवतात.

परीक्षांचा घोळ इथेच होतो. नेटमध्ये खाण अभियांत्रिकी हा विषयच नाही. त्यामुळे खाणवाल्याला आणि सिव्हिलवाल्याला गेट द्यावी लागते. गेटमध्ये खाण अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे, भूविज्ञान व भूभौतिकीचाही आहे. भूविज्ञानवाल्याला गेट आणि सीएसआयआर-नेट अशा दोन्ही वाटा मोकळ्या. नेटमधल्या त्या विषयाचं नाव लांबलचक आहे: पृथ्वी, वातावरण, सागर आणि ग्रह विज्ञान.

विद्यापीठांना यूजीसीचे २०२२ चे पीएचडी नियम लागू होतात. पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के, राखीव प्रवर्ग, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सवलत. चार वर्षांच्या पदवीनंतर थेट यायचं तर ७५ टक्के. कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६, त्यापुढे पुनर्नोंदणीने २, आणि महिला व दिव्यांगांना आणखी २ वर्षांची मुभा. अभ्यासक्रम किमान १२ श्रेयांकांचा. अर्धवेळ पीएचडी चालते, नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत पत्र लागतं. ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने मिळणारी पीएचडी मात्र चालत नाही, जाहिरात कितीही गोड असो. आयआयटींचे नियम त्यांचे स्वतःचे असतात.

पैशाचं गणित सोपं आहे. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये आहे, घरभाडं वेगळं. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती आणि टीआरटीआय या सरकारी संस्था आपापल्या समाजघटकांतल्या संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. तरी पहिल्या सहा महिन्यांचा खर्च आधीच बाजूला ठेवलेला बरा, कारण नोंदणी आणि पहिला हप्ता यांच्यामध्ये कागदांचा बराच प्रवास असतो.

मार्गदर्शक निवडताना लोक शोधनिबंधांची यादी बघतात. ती बघाच, पण त्याआधी शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर जाऊन त्यांच्या हाताखालचे प्रबंध काढा आणि नोंदणी ते पदवी किती वर्षं लागली ते मोजा. नियमानुसार प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात, त्यामुळे जागा शिल्लक आहे का हा प्रश्न विचारायला संकोच नको. दुसरा प्रश्न प्रयोगशाळेचा: गाभा, म्हणजे खडकाचा दंडगोल नमुना, कापायचं यंत्र चालू आहे का, ड्रिलच्या टोकाचं हिऱ्याचं बिट कोण विकत घेतं, कंपनमापकाचं यंदाचं कॅलिब्रेशन झालं आहे का. बिट झिजतं, आणि नवं घ्यायला कोणाच्या खात्यात पैसे आहेत यावर सहा-सहा महिने जातात.

हादरे

खानदेशात सगळ्यांत सहज हाती येणारा विषय म्हणजे दगडखाणीतल्या सुरुंगांचे हादरे. महामार्गाच्या चौपदरीकरणाला खडी लागते, खडीला क्रशर लागतो, क्रशरला खाण लागते आणि खाणीच्या जवळ कुठलं तरी गाव असतंच. गावकरी म्हणतात भिंतींना तडे गेले, खाणवाला म्हणतो आमच्यामुळे नाही. दोघांकडेही आकडा नसतो.

मोजायचं असतं ते जमिनीच्या कणांचा कमाल वेग, मिलिमीटर प्रतिसेकंदात. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात त्याच्या मर्यादा दिल्या आहेत. खाणमालकाच्या मालकीची नसलेली साधी घरं असतील तर वारंवारता ८ हर्ट्झच्या खाली असताना ५, ८ ते २५ हर्ट्झमध्ये १०, आणि २५ च्या वर १५ मिलिमीटर प्रतिसेकंद. ऐतिहासिक वास्तूंसाठी हेच आकडे २, ५ आणि १०. म्हणजे लळिंगसारखा किल्ला जवळ असेल तर हिशेब पूर्ण बदलतो. कमी वारंवारतेला मर्यादा कडक का? घराची स्वतःची डोलण्याची वारंवारता त्याच पट्ट्यात असते, हादऱ्याला घर साथ देतं आणि तडे लवकर जातात.

हादऱ्याचा अंदाज करण्यासाठी प्रमाणित अंतर काढतात. सुरुंगाची छिद्रं एकदम न फोडता काही मिलिसेकंदांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने फोडतात, त्या एका टप्प्याला विलंब म्हणतात. खाणीपासून घरापर्यंतचं अंतर मीटरमध्ये घ्यायचं आणि एका विलंबात फुटणाऱ्या दारूच्या किलोंच्या वर्गमुळाने भागायचं. घर ३०० मीटरवर आहे आणि एका विलंबात २५ किलो फुटतात, तर ३०० भागिले ५, म्हणजे ६०. दारू चौपट केली, १०० किलो, तर ३०० भागिले १०, म्हणजे ३०. मग सूत्र असं की कणाचा वेग म्हणजे त्या जागेचा स्थिरांक भागिले प्रमाणित अंतराचा घात. समजा एखाद्या जागेचा स्थिरांक ५०० आणि घातांक १.५ आला. प्रमाणित अंतर ६० असताना वेग साधारण १.१ येतो, ३० असताना ३, आणि एका विलंबात २२५ किलो फोडले की प्रमाणित अंतर २० होऊन वेग ५.६ वर जातो. इथे ५ ची मर्यादा ओलांडली. स्थिरांक आणि घातांकाचे हे दोन्ही आकडे फक्त हिशेब दाखवायला घेतले आहेत. खरे स्थिरांक प्रत्येक खाणीचे वेगळे असतात, आणि ते काढणं हाच तुमच्या प्रबंधाचा पाया.

ते काढायला वेग आणि प्रमाणित अंतराच्या निदान ३० जोड्या हव्यात, जवळच्या आणि लांबच्याही. सगळं मोजमाप १५० ते २०० मीटरमध्येच केलं आणि त्यावरून ८०० मीटरवरच्या शाळेबद्दल निष्कर्ष काढला, तर परीक्षक तिथेच थांबवतो. दोन्ही अक्ष लॉग घेऊन रेषा बसवायची आणि मर्यादा सांगताना सरासरी रेषा वापरायची नाही, ९५ टक्के विश्वासाची वरची रेषा वापरायची. सरासरी रेषेवर भरवसा ठेवला तर निम्मे सुरुंग अंदाजापेक्षा जास्त हादरा देतील, हे उघड आहे. तरी ही चूक वारंवार दिसते.

जागेवर काय बिघडतं? पहिलं, भूफोन, म्हणजे हादरा टिपणारं उपकरण, नुसता जमिनीवर ठेवला जातो. जमीन हलते तेव्हा तो स्वतंत्रपणे उड्या मारतो आणि खोटा मोठा आकडा देतो. मातीत असेल तर पुरायचा किंवा खिळे पूर्ण रोवायचे, खडकावर असेल तर प्लास्टरने चिकटवायचा, आणि बाण सुरुंगाकडे करायचा. दुसरं, एका विलंबातली दारू नीट कळत नाही. छिद्रं वीस, दारू एकूण अमुक, एवढंच सांगितलं जातं. ८ मिलिसेकंदांच्या आत फुटलेली छिद्रं एकाच विलंबात धरतात, त्यामुळे जोडणीचा नकाशा स्वतः काढून घ्यावा लागतो. सुरुंग भरणाऱ्या माणसाशी सकाळी चहाला बसलात तर तो सगळं सांगतो. दुपारी कागद घेऊन विचारलंत तर काही सांगत नाही. तिसरं, ऊन. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या आसपास असतो, काळा दगड त्याहून तापतो आणि उपकरणाची बॅटरी मान टाकते. सावलीची पेटी आणि जास्तीची बॅटरी लागतेच. स्फोटकाला मात्र विद्यार्थ्याने हात लावायचा नाही. ते परवानाधारक ब्लास्टरचं काम आहे, आणि प्रबंधातही तसंच लिहायचं.

तड्यांची एक गंमत आहे, खरं तर ती या विषयाची जान आहे. खानदेशातली कितीतरी घरं काळ्या मातीवर उभी आहेत. ती माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि भिंतीला तडा सुरुंगाशिवायही जातो. म्हणून अभ्यास सुरू होण्याआधीच्या तड्यांची नोंद हवी: फोटोत मोजपट्टी, तडामापक, तारीख, आणि सुरुंग नसलेल्या लांबच्या एखाद्या गावातली तेवढीच घरं तुलनेसाठी. एक संपूर्ण पावसाळा आणि एक उन्हाळा मोजल्याशिवाय हादऱ्याचा तडा आणि मातीचा तडा वेगळे करता येत नाहीत. हे करणारे प्रबंध थोडे आहेत. करायला वेळ लागतो, एवढंच.

गाभा

दुसरा मोठा भाग खडकाच्या ताकदीचा. त्यासाठी ड्रिल करून दंडगोल गाभा काढतात, सहसा ५४ मिलिमीटर व्यासाचा. दाबाच्या चाचणीला लांबी व्यासाच्या अडीच पट ठेवली तर १३५ मिलिमीटर. टोकं ०.०२ मिलिमीटरपर्यंत सपाट घासायची असतात. ही घासाई कंटाळवाणी म्हणून टाळली जाते आणि मग नमुना एका कडेवर भार घेऊन आधीच फुटतो. अहवालात खडक कमजोर दिसतो, कमजोर असते ती घासाई.

भार वाढवण्याचा वेग सेकंदाला ०.५ ते १ मेगापास्कल. ५४ मिलिमीटर गाभ्याचं क्षेत्रफळ २,२९० चौरस मिलिमीटर, म्हणजे ०.५ च्या वेगाने सेकंदाला जेमतेम १.१५ किलोन्यूटन. घट्ट काळ्या पाषाणाची ताकद १५० मेगापास्कल धरली तर तो ३४४ किलोन्यूटनला, म्हणजे सुमारे ३५ टनांना, पाच मिनिटांनी फुटेल. सिव्हिलच्या प्रयोगशाळेतलं काँक्रीटचं २,००० किलोन्यूटनचं यंत्र इथे चालतं. पण लाल थराचा किंवा कुजलेल्या मांजऱ्याचा १० मेगापास्कलचा नमुना त्याच यंत्रात घातला तर तो २३ किलोन्यूटनला जातो, आणि त्या यंत्राचा काटा एवढ्या खालच्या टोकाला विश्वासाचा नसतो. मऊ खडकासाठी लहान यंत्र शोधावं. गाभाच निघत नसेल तर ओबडधोबड ढेकळांवर बिंदुभार चाचणी करतात. तिच्या निर्देशांकाला २० ते २५ ने गुणून दाबताकद काढायची पद्धत आहे, पण हा गुणक खडकागणिक बराच बदलतो, म्हणून काही गाभ्यांवर दोन्ही चाचण्या करून आपला गुणक आपणच काढावा.

गाभ्याचं आणखी एक मोजमाप म्हणजे आरक्यूडी, खडक किती अखंड आहे त्याची टक्केवारी. दीड मीटरच्या एका फेरीत निघालेले तुकडे २८, २२, १५, १२, ९ आणि ७ सेंटिमीटरचे असतील तर १० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब असलेले तेवढे मिळवायचे: ७७. ते १५० ने भागले की ५१ टक्के. ड्रिलच्या धक्क्याने मोडलेले तुकडे जोडून एकच धरायचे, नाहीतर खडकाची विनाकारण बदनामी होते. बेसॉल्टमध्ये एक सापळा आहे. थंड होताना त्याला उभ्या स्तंभांच्या भेगा पडतात, आणि उभं भोक त्या भेगांच्या बाजूबाजूने निघून जातं. गाभा लांबच लांब निघतो, आरक्यूडी ९० येतो आणि प्रत्यक्षात खाणीची भिंत खांबाखांबाने सुटते. अशा ठिकाणी तिरपं भोक घ्यायचं, किंवा उघड्या भिंतीवर टेप लावून भेगा मोजायच्या. लाल थराचं उलटं असतं. ड्रिलच्या पाण्याने तो वाहून जातो, आणि पेटीत फक्त रिकामी जागा उरते. ड्रिलर म्हणतो तिथे काही नव्हतं. परत येणाऱ्या पाण्याचा रंग लाल झाला का आणि किती खोलीवर झाला, हे त्याच वेळी लिहून घेतलं तर तो थर हातातून सुटत नाही.

काही बेसॉल्ट, विशेषतः लालसर काचमय प्रकार, काढताना घट्ट असतात आणि भिजून-वाळून काही महिन्यांत पेटीतच भुगा होतात. त्यांच्यासाठी झीज-टिकाऊपणाची चाचणी आहे: ४० ते ६० ग्रॅमचे दहा तुकडे, २ मिलिमीटर जाळीचा पिंप पाण्यात, मिनिटाला २० फेरे, दहा मिनिटं, मग वाळवून पुन्हा एकदा. दुसऱ्या फेरीनंतर किती टक्के उरलं ते बघायचं. बोगद्याचं छत किंवा खाणीचा कायमचा उतार अशा खडकात असेल तर हा आकडा दाबताकदीपेक्षा जास्त कामाचा ठरतो.

उभ्या भिंती

नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांत डाईकांचा जो समूह आहे तो जगभरच्या भूवैज्ञानिकांना माहीत आहे. लाव्हा भेगांतून वर चढता चढता तिथेच गोठला आणि उभ्या भिंती तयार झाल्या, बहुतेक पूर्व-ईशान्य ते पश्चिम-नैऋत्य दिशेच्या, कित्येक किलोमीटर लांब. साक्रीकडे जाताना माळावर सरळ रेषेत चाललेल्या अरुंद टेकड्या दिसतात त्या बहुधा याच. पाण्याच्या दृष्टीने घट्ट डाईक म्हणजे जमिनीखालचा बंधारा: वरच्या अंगाच्या विहिरींना पाणी, खालच्या अंगाला खडखडाट. पण तोच डाईक भेगाळलेला असेल तर उलट तोच पाण्याची वाट होतो. कुठला डाईक कोणत्या प्रकारचा, हे न खोदता सांगता आलं तर तो प्रबंध विद्यापीठापुरता राहणार नाही. विहीर खोदणाऱ्यालाही त्याचा उपयोग होईल.

कामाची पद्धत अशी. डाईकला काटकोनात रेषा आखायची आणि दर ५ मीटरवर चुंबकीय मापन घ्यायचं, विजेच्या तारा, पंपाचे लोखंडी पाइप आणि खिशातला मोबाइल यांपासून लांब. मग विद्युतरोध मापन, डाईकच्या दोन्ही अंगांना. उन्हाळ्यात कोरड्या मुरमात इलेक्ट्रोडला प्रवाह मिळत नाही, म्हणून खड्ड्यात मिठाचं पाणी ओतावं लागतं. सोबत दोन्ही बाजूंच्या विहिरींची पातळी मे आणि ऑक्टोबरमध्ये. इथली सगळ्यांत महाग चूक म्हणजे एक हंगाम हुकणं. मे महिन्याची पातळी चुकली की पुढच्या मेपर्यंत थांबायचं, म्हणजे सहातलं एक वर्ष गेलं. आणि पातळी घेताना पंप किती तासांपूर्वी बंद झाला ते विचारायचं. केळीच्या पट्ट्यात चालू पंपाची विहीर मोजली तर तो आकडा भूजलाचा नसून मोटारीचा असतो.

राख हा आणखी एक जवळचा विषय. भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्राची राख नदीवाळूऐवजी खाणीची पोकळी भरायला कितपत चालते, सिमेंट किती मिसळलं तर ती किती भार घेते, पावसात तिच्यातून पाण्यात काय उतरतं. प्रयोगशाळेत बसून करण्यासारखं काम, सिव्हिलवाल्याला सोयीचं. मात्र वेगवेगळ्या महिन्यांची राख सारखी नसते, कारण कोळसा बदलतो. एकाच गोणीवर प्रबंध लिहू नये.

परवानग्या

दगडखाण गौण खनिजात येते, म्हणून कामाची दोन पत्रं लागतात: पट्टेदाराचं लेखी संमतीपत्र आणि जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याला दिलेली माहिती. तोंडी होकारावर काम सुरू करू नये. खाण विकली जाते, भागीदारांत बिनसतं, आणि नवा माणूस गेटवरून परत पाठवतो. संमतीपत्रात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: किती महिने, कोणती माहिती, आणि खाणीचं नाव छापायचं की नाही. नाव न छापण्याची तयारी दाखवली की दारं पटकन उघडतात. सातपुड्यात, यावल अभयारण्याच्या आसपास किंवा अक्राणीत काम असेल तर वन खात्याची परवानगी वेगळी, आणि तिला महिने लागतात. पर्यायी दुसरी जागा पहिल्या दिवसापासून हाताशी असावी.

वर्षं कशी जातात

पहिलं वर्ष अभ्यासक्रम, संशोधन-नीतीचा पेपर आणि आराखडा. याच वर्षात जागेवर एक छोटी चाचणी फेरी करून टाकावी, पाच-सहा सुरुंग किंवा दहा गाभे, म्हणजे काय चालत नाही ते शीर्षक मंजूर होण्याआधी कळतं. दुसरं आणि तिसरं वर्ष मोजमापाचं. दर सत्राला सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते, आणि तिथे न मिळालेली विदा लपवण्यात अर्थ नसतो. समितीने लेखी मान्य केलेला बदल पुढे ढाल होतो.

चौथ्या वर्षी बरेचजण संगणकीय प्रतिकृतीकडे वळतात. फ्लॅक, यूडेक, आरएस-२ अशी सॉफ्टवेअर आहेत, चित्रं सुंदर निघतात. धोका तोच. आकडे दुसऱ्याच्या निबंधातून उचललेले, भेगा काल्पनिक, आणि प्रत्यक्ष मोजमापाशी एकदाही ताळा नाही. एकाच ठिकाणचं विस्थापन खाणीवर मोजून प्रतिकृतीशी जुळवलं तरी प्रकरणाची पत वाढते. परवाना नसलेली प्रत वापरू नये, शोधनिबंधात आवृत्ती आणि परवानाधारक संस्था विचारली जाते.

२०२२ च्या नियमांनी प्रबंधाआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती काढली, पण अनेक संस्थांनी स्वतःची अट कायम ठेवली आहे. तीन दिवसांत छापून देणाऱ्या, पैसे मागणाऱ्या मासिकांपासून लांब राहावं. साम्य-तपासणीत १० टक्क्यांपर्यंत मोकळीक आहे. त्यावर ४० टक्क्यांपर्यंत गेलं तर प्रबंध सुधारून द्यावा लागतो, ६० च्या पुढे नोंदणीच जाते. चाचण्यांच्या प्रमाण पद्धती शब्दशः उतरवल्याने हा आकडा फुगतो. पद्धतीचं नाव द्यावं आणि आपण तिच्यात काय बदललं तेवढंच लिहावं.

प्रबंध मार्गदर्शकाशिवाय किमान दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जातो, आणि नंतर खुली मौखिक परीक्षा. तिथले प्रश्न बहुतेक जागेवरचे असतात. हा स्थिरांक शेजारच्या खाणीला लागू पडेल का? नमुने ओले होते की वाळवलेले? हा एक बिंदू रेषेपासून एवढा लांब का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फक्त क्षेत्रवहीत असतं, म्हणून वही पेनाने लिहिलेली, तारीखवार आणि न फाडलेली हवी.

पदवीनंतर

अध्यापन आहे. केंद्रीय खाण व इंधन संशोधन संस्थेची मुख्य शाखा धनबादला आणि एक केंद्र नागपुरात आहे, बंगळुरूला राष्ट्रीय खडक-यांत्रिकी संस्था आहे. पर्यावरण आघात अहवाल तयार करणाऱ्या सल्लागार संस्थांना कंपन, भूजल आणि भूविज्ञानाचे जाणकार लागतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जायचं तर संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षा द्यावी लागते. तिला एम.एस्सी. पुरते, आणि वयाची अट असते. पीएचडीत सहा वर्षं घालवून मग अर्ज भरायला बसलेल्यांचं वय त्या अटीबाहेर गेलेलं असू शकतं, त्यामुळे ज्यांना तिकडे जायचं आहे त्यांनी पीएचडी चालू असतानाच परीक्षा द्यावी.

एक गैरसमज मात्र आधीच दूर करावा. पीएचडी झाली म्हणून खाण-व्यवस्थापक होता येत नाही. त्यासाठी खाण सुरक्षा महासंचालनालयाचं सक्षमता प्रमाणपत्र लागतं, आणि त्याला खाणीतला प्रत्यक्ष कामाचा अनुभव मोजला जातो. ज्याला खाण चालवायची आहे त्याने आधी अनुभव आणि प्रमाणपत्र घ्यावं, आणि नोकरीत राहून अर्धवेळ नोंदणी करावी. अशा विद्यार्थ्याचा जागेचा प्रश्नही सुटलेला असतो.